संशोधनासाठी पैसे कुठून आणायचे? (कॉलेजातले शिक्षक आणि पीएचडीवाले, इकडे या)

कोकणी_खडू

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात इतिहास शिकवते. वय ४१, नोकरी कायम, पीएचडी होऊन दोन वर्षं झाली. पीएचडी करताना खोतीच्या (कोकणात गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोतांच्या वतनाच्या) प्रश्नाशी ओझरती गाठ पडली होती, ती काही सुटत नाही. चरीच्या कुळांचा संप (१९३३ ते १९३९), बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलेलं खोती रद्द करण्याचं विधेयक, मग १९४९ चा कायदा, हे सगळं पुस्तकांत आहे. पण एखाद्या गावातून खोती गेली म्हणजे नेमकं काय झालं? जमीन कुणाच्या नावावर चढली, कूळ कोण राहिलं, मुंबईला गिरणीत गेलेल्याचं नाव उताऱ्यावर लागलं का? हे मला पाच-सहा गावांपुरतं कागदांतून बघायचंय. कागद तीन ठिकाणी आहेत: मुंबईच्या पुरालेखागारात (एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत), तहसील कचेऱ्यांत आणि लोकांच्या माळ्यावर. माळ्यावरचे बरेचसे मोडीत.

आमच्या आधीच्या सरांच्या काळी यूजीसीचे मायनर रिसर्च प्रोजेक्ट असत. अर्ज गणेशखिंडीच्या पश्चिम विभागीय कार्यालयात जायचा आणि मानव्यशाखेला तीन लाखांपर्यंत मिळायचे. बारावी पंचवार्षिक योजना २०१७ ला संपली आणि तो झराही आटला. गेला महिनाभर मी रात्री जेवणं आटोपल्यावर संकेतस्थळं चाळतेय. अख्खी वही भरली. कुठे माझं वय बसत नाही, कुठे फक्त पीएचडीला नोंदणी असलेलेच पाहिजेत, कुठे मुदत कालच संपलेली. प्राचार्य म्हणतात, "करा की मॅडम, नॅकला उपयोग होईल." म्हणजे सही द्यायला तयार, बाकी तुमचं तुम्ही बघा.

माझ्यासारखीनं नेमकं कुठल्या दारावर टकटक करायची? जाणकार प्रकाश टाकतील का?

खवचट_पुणेकर

खोतांवर संशोधन आणि तेही रत्नागिरीत बसून! अनुदान मिळेल न मिळेल, भाऊबंदकीतले सगळे दावे मात्र या धाग्यावर चालू होतील. (हलके घ्या.)

वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

तारांगण

धागा काढलात हे फार बरं केलंत. मी सातारा जिल्ह्यात भौतिकशास्त्र शिकवते. विषय वेगळा असला तरी दुखणं तेच, म्हणून लिहिते.

नोकरीला लागल्यावर पहिली चार वर्षं मी मोठ्या अनुदानांच्या मागे होते. तेव्हा 'सर्ब' (केंद्राचं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ) होतं, आता त्याच्या जागी २०२३ च्या कायद्यानं झालेलं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान, म्हणजे एएनआरएफ आलंय. तिथे तरुण प्राध्यापकांना तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत देणारी योजना आहे. पण ६० लाख कागदावर मागायचे तर ते खर्च करणारी प्रयोगशाळा आधी दाखवावी लागते. आमच्याकडे तीन ऑसिलोस्कोप आणि गळकं छप्पर. अर्ज दोनदा परत आला, आणि खरं सांगायचं तर परत यायलाच हवा होता.

मग एका ज्येष्ठ बाईंनी कान उपटले. म्हणाल्या, "तू पैसे आणि उपकरणं तुझ्या गावात आणायचा हट्ट का धरतेस? जिथे आहेत तिथे तू जा." त्या एका वाक्यावर माझं सगळं फिरलं. उन्हाळ्यात तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून अधिछात्रवृत्ती देतात. विद्यार्थ्यांना देतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, शिक्षकांनाही देतात हे आमच्या स्टाफरूममध्ये कुणाच्या गावीही नव्हतं. दोन महिने मोठ्या संस्थेत काम, आणि नेमकी आपली सुट्टी. अर्ज साधारण नोव्हेंबरअखेर बंद होतात, तेव्हा दिवाळीतच भरून टाकायचा. पुढे पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत सहयोगी झाले. ही गोष्ट मराठी माणसाला वेगळी सांगायला नको, पण नारळीकरांनी १९८८ साली उभी केलेली ती संस्था मुळातच विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या शिक्षकांसाठी आहे. तीन वर्षं येत-जात राहायचं. जाण्यायेण्याचा खर्च, राहणं, ग्रंथालय, संगणक सगळं त्यांचं. हातात रोख फारसं पडत नाही. पण काम होतं, आणि पुढच्या अर्जात लिहायला चार ओळी मिळतात.

तिसरी पायरी 'टेअर'. राज्य विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या कायम शिक्षकांनी आयआयटी, आयसर किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेत वर्षाला निदान ९० दिवस काम करायचं. सर्बच्या काळात वर्षाला ६० हजार आपल्याला आणि ५ लाख संशोधनाला मिळत. त्यातले निम्मे यजमान संस्थेला, निम्मे आपल्या कॉलेजला. त्या निम्म्यातून आमचं छप्पर मात्र दुरुस्त करता आलं नाही, त्याचा 'हेड' (खर्चाचं मंजूर सदर) नव्हता. :)

ताई, इतिहासवाल्यांसाठी याच जातीचं दार म्हणजे सिमल्याची भारतीय उच्च अध्ययन संस्था. पूर्ण अधिछात्रवृत्ती तर आहेच, पण कॉलेजच्या शिक्षकांसाठी सहयोगी योजनाही आहे. तीन वर्षांत तीनदा, एकेक महिना. राष्ट्रपती निवासातलं ग्रंथालय आणि लिहायला शांतता. तुमचे कागद तिथे मिळणार नाहीत, पण कागद जमल्यावर लिहायला जागा लागेलच की.

कोकणी_खडू

तारांगण, मनापासून आभार. सिमल्याचं मी 'मोठ्या लोकांचं' म्हणून वहीत काट मारून ठेवलं होतं. मुलगी यंदा दहावीला आहे, त्यामुळे या वर्षी नाही. पुढच्या वर्षी बघते. पण आत्ता गरज आहे ती कागद गोळा करण्याच्या पैशांची.

थेटभेट

कशाला जिवाचा आटापिटा? सगळं आधीच ठरलेलं असतं. मोठ्या शहरातली चार विद्यापीठं, त्यांतले दहा गाइड आणि त्यांची माणसं. तालुक्याचा पत्ता बघून फाइल खाली जाते. मी तीनदा पाठवून बघितलंय.

हेडक्लार्क_नाना

मी संशोधक नाही. एका मोठ्या कॉलेजच्या कचेरीत ३४ वर्षं काढली, त्यातली १९ अनुदानाच्या टेबलावर. प्राध्यापकांच्या शंभरएक फायली या हातांखालून गेल्या. आता निवृत्त आहे, वेळ आहे, म्हणून लिहितो.

थेटभेट, तुमचं अगदीच खोटं आहे असं म्हणत नाही. पण फाइल खाली जाण्याची कारणं मी जवळून पाहिली आहेत, आणि त्यांतली बरीचशी पत्त्याशी संबंधित नव्हती.

मॅडम, तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, पण एक गोष्ट सांगितली नाहीत. कुणी विचारलीही नाही. तुम्हाला पैसे किती लागणार? आणि कशाकशाला? 'अनुदान पाहिजे' म्हणून कुठलीही फाइल हलत नाही. आधी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडा. रुपये-पैशांत. मग बोलू.

कोकणी_खडू

नाना, तुमच्या प्रश्नानं ओशाळल्यासारखं झालं. खरंच मांडलं नव्हतं. काल रात्री बसले.

मुंबईच्या सहा फेऱ्या, दर फेरीला पाच दिवस, प्रवास-राहणं-खाणं धरून ९ हजार, म्हणजे ५४,०००. पुण्याला पेशवे दप्तराच्या दोन फेऱ्या, १४,०००. मोडीची साधारण ४०० पानं लिप्यंतर करून घ्यायची, पानाला १५० धरले तर ६०,०००. गावोगाव फिरायला एमएची दोन मुलं, तीन महिने, प्रत्येकी महिना ५ हजार: ३०,०००. नक्कल फी, फोटो, हार्ड डिस्क मिळून १५,०००. वरखर्च १०,०००.

एकूण १,८३,०००. मला वाटलं होतं पाच-सात लाख तरी होतील!

मोडीवाचक

पानाला १५० हा भाव घडीव अक्षराचा. पेशवाईतल्या कारकुनाचं वळणदार पान असेल तर वाचक खुशीनं घेईल. पण खेड्यातल्या कुळकर्ण्यानं घाईत खरडलेला कबुलायतीचा कागद, त्याला वाळवी लागलेली आणि वर शाईचा डाग, हे १५० ला कुणी घेणार नाही. दोन प्रकार वेगळे करा आणि दोन भाव लावा. आणि राग मानू नका, पण इतिहासाच्या मॅडम आहात, मोडी स्वतः का शिकत नाही? पुराभिलेख खात्याचे छोटे वर्ग असतात. दोन महिने रोज एक पान लिहिलंत तर निम्मे कागद तुम्हीच वाचाल. ६० हजारांतले ३० वाचतील, आणि 'मला मोडी येते' ही ओळ अर्जात फार वजनदार दिसते.

कोकणी_खडू

राग कसला! गेली दहा वर्षं 'या दिवाळीत शिकायचीच' असं चाललंय. :(

हेडक्लार्क_नाना

झालं. आता बघा, तुम्ही शोधत होतात पाच-दहा लाखांच्या योजना, लागणार आहेत पावणेदोन. हे दोन वेगळे रस्ते आहेत.

पहिला रस्ता आपल्याच विद्यापीठाचा. बहुतेक विद्यापीठांकडे शिक्षकांसाठी स्वतःचा लघु संशोधन निधी असतो. जुनी माणसं अजून त्याला 'बीसीयूडीचा (महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळाचा) प्रोजेक्ट' म्हणतात, २०१६ च्या कायद्यानं ते मंडळ गेलं तरी. रक्कम थोडी, म्हणून लोक नाक मुरडतात. मी म्हणतो, तुमच्या मुंबईच्या फेऱ्या त्यातून काढा. त्याचा खरा फायदा रकमेत नाहीच. वर्षभरात पूर्ण केलेला, हिशेब दिलेला एक प्रकल्प तुमच्या नावावर लागतो. पुढच्या अर्जात 'यापूर्वी केलेले प्रकल्प' या रकान्यात 'निरंक' लिहावं लागत नाही. तो रकाना वाचणारे लोक असतात, मॅडम.

दुसरा रस्ता आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद. तुमचा विषय इतिहासाचा असला तरी जमीन, कूळ, स्थलांतर हे सगळं समाजविज्ञानात बसतं. आयसीएचआर, म्हणजे भारतीय इतिहास संशोधन परिषदेकडेही शिक्षकांसाठी प्रकल्प आहेत. एकच प्रस्ताव दोन्हीकडे एका वेळी मात्र पाठवू नका. 'अन्यत्र अर्ज केलेला नाही' असं लिहून द्यावं लागतं, आणि नंतर सापडलात तर दोन्हीकडून जाल. आयसीएसएसआरचं पश्चिम विभागीय केंद्र कलिन्याला विद्यानगरीतच आहे, जे. पी. नाईक भवनात. (अवांतर: परिषद १९६९ ला निघाली तेव्हा पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. दोघंही आपले. आणि आपण अर्ज करायला घाबरतो.) मुंबईच्या पहिल्या फेरीत तिथे एकदा डोकावून या. संकेतस्थळावर न कळणाऱ्या गोष्टी टेबलावर कळतात.

आता हिशेबाचं. यावर कुणी लेख लिहीत नाही, पण माणसं बुडतात ती इथेच.

पैसे मंजूर होणं ही अर्धी गोष्ट. ते हप्त्यानं येतात. पहिला हप्ता खर्च करून त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय दुसरा येत नाही. केंद्राच्या पैशाला ते प्रमाणपत्र २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांमधल्या १२-अ नमुन्यातच लागतं. सीएची सही, शिक्का आणि खाली यूडीआयएन, म्हणजे सीए त्या कागदापुरता काढतो तो क्रमांक. हा क्रमांक नाही म्हणून परत आलेल्या फायली मी पाहिल्यात. अनुदानाच्या खात्यावर जमा झालेलं व्याज आपलं नसतं, ते भारतकोश पोर्टलवरून परत भरायचं असतं. आमच्याकडच्या एका विज्ञानाच्या सरांनी व्याजाच्या १,१०० रुपयांतून प्रिंटरची शाई आणली. शाई संपली, प्रिंटर मोडला, सर निवृत्त झाले, पण पत्रव्यवहार संपला नव्हता.

'हेड' बदलता येत नाही, हे तारांगण मॅडमनी सांगितलंच. प्रवासाचे उरले म्हणून पुस्तकं घेतली, असं चालत नाही. आधी लेखी परवानगी, मग खर्च. म्हणून हिशेब मांडतानाच डोकं वापरायचं. तुमचा १० हजारांचा 'वरखर्च' कुठलीही समिती आधी कापणार. तो 'लेखनसामग्री व टपाल' असा लिहा आणि सहावर आणा. मुलांचं मानधन 'क्षेत्र अन्वेषक' या नावाखाली दाखवा, आणि परिषदेच्या नियमांतला दर बघूनच लिहा. मनानं ५ हजार लिहिलेत ते कमी असेल तर मुलांचं नुकसान, जास्त असेल तर तुमचं. आणि माळ्यावरच्या कागदांसाठी लोकांना पैसे देण्याचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. पावती कोण देणार?

तारांगण

नाना, तुमच्या या प्रतिसादाची छापील प्रत आमच्या स्टाफरूममध्ये लावणार आहे. _/\_

रानकेळी

मी मराठवाड्यात प्राणिशास्त्रात पीएचडी करतोय, चौथं वर्ष. इथे सगळे शिक्षकांचं बोलताहेत म्हणून आमचंही थोडं.

नेट-जेआरएफ (नेट परीक्षेवर मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) निघालं तर प्रश्नच मिटतो: जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार, दोन वर्षांनी मूल्यमापन होऊन ४२ हजार, वर घरभाडं. माझं निघालं नाही, अडीच गुणांनी. मग राज्य सरकारच्या संस्था. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी-भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासी मुलांसाठी टीआरटीआय. आमच्यासारख्या शेतकऱ्याच्या पोरांना पीएचडीपर्यंत आणलं ते यांनीच, हे कबूल करायला हवं. पण जाहिरात कधी निघेल, जागा किती, नोंदणीच्या तारखेपासून पैसे मिळणार की निवडीच्या, यावर किती पोरांनी आझाद मैदानात रात्री काढल्या हे ज्यांनी काढल्या त्यांनाच माहीत. वर सभागृहात ऐकायला मिळालं की पीएचडी करून काय दिवे लावणार. माझ्यापुरतं सांगायचं तर मला ज्यांच्याकडून मिळते (नाव घेत नाही) त्यांच्याकडून एकदा सलग नऊ महिने रक्कम आली नाही आणि मग एकदम आली. त्या नऊ महिन्यांत बहिणीच्या लग्नाला ठेवलेल्या पैशांवर मी बेडकांचे नमुने गोळा केले.

नवीन पोरांना एकच सांगणं. हजेरीपट, गाइडची सहामाही प्रगती, घरभाड्याची पावती हे सगळं दर महिन्याच्या महिन्याला फाइलला लावत जा. पैसे उशिरा येतात तेव्हा सगळ्यांचे कागद एकदम मागवतात, आणि ज्याची फाइल तयार त्याचे आधी निघतात.

आणि एक प्रश्न. अधिछात्रवृत्ती पाच वर्षांची. पीएचडीला नियमानं सहा मिळतात, आणि ती सहा घेतेच. सहाव्या वर्षी माणसानं खायचं काय?

वाचनवेडा

रानकेळी, तुमच्या प्रश्नाला शंभर वर्षं झाली. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं ते महिना साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरीचा करार. १९१७ ला शिष्यवृत्ती संपली तेव्हा लंडनचा प्रबंध अर्धवट होता. परत यावं लागलं. पुढे सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, काही शाहू महाराजांनी दिले, काही मित्र नवल भथेनांकडून उसने घेतले, आणि १९२० ला पुन्हा लंडन गाठलं.

रानकेळी

माहीत आहे. आमच्या खोलीत भिंतीवर तेच आहेत. पण सिडनहॅममध्ये जागा होती. आमच्याकडे तासिका तत्त्वावरचं सुद्धा दोन सत्रं थकीत असतं.

तारांगण

रानकेळी, चौथ्या वर्षातच दोन गोष्टी करा. एक, पाचव्या वर्षाच्या शेवटी प्रबंध गाइडच्या टेबलावर असेल असं उलटं वेळापत्रक मांडा आणि ते गाइडच्या सहीनं ठेवा. त्या सहीचा फार उपयोग होतो, विशेषतः गाइडवर. :) दोन, कुठल्या चालू प्रकल्पात सहयोगी म्हणून जागा आहे का, ते आत्तापासून विचारत राहा. प्रकल्पांतल्या जागांच्या जाहिराती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोपऱ्यात आठ-दहा दिवसच असतात. मोठ्या योजनांसारखी त्यांची कुणी वाट बघत नाही, म्हणून अर्जही मोजके येतात.

सात_समुद्र

अमेरिकेतून लिहितोय. धागा उशिरा दिसला.

ताई, अमेरिकेत येण्यासाठीची फुलब्राइट-नेहरू अधिछात्रवृत्ती तुमच्या वहीत असेलच. कॉलेज शिक्षकांसाठीची योजना चार ते नऊ महिन्यांची आहे. नुसतं संशोधन, नुसतं अध्यापन किंवा दोन्ही मिळून. यजमान विद्यापीठाचं निमंत्रण असेल तर अर्ज उभा राहतो. आणि ते निमंत्रण 'आदरणीय महोदय, मला आपल्या मार्गदर्शनाखाली काम करायचे आहे' अशा इमेलनं येत नाही. मी इथे अशी पत्रं दर आठवड्याला बघतो. ज्याला लिहिताय त्याचा एखादा लेख वाचून, 'तुम्ही बंगालबद्दल हे म्हणता, कोकणात मला उलटं दिसतंय' असं दोन परिच्छेदांत लिहा. लोक उत्तर देतात. वाद घालणारं पत्र कुणालाही आवडतं. हेही लक्षात ठेवा की त्यासाठीच्या 'जे' (J) व्हिसावर आल्यावर परत जाऊन दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. तुम्हाला नोकरीवर परतायचंच आहे, म्हणजे अडचण नाही. नवरा-बायको दोघं स्थलांतराचा बेत करत असतील तर मात्र आधी विचार करा.

पण तुमच्या विषयाला अमेरिकेपेक्षा लंडन जवळचं. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं दप्तर आहे, मुंबई इलाख्याची महसुली कामकाजं तिथे ओळीनं लावलेली. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टची छोटी संशोधन अनुदानं अशाच कामासाठी असतात. ते पुढच्या टप्प्याला. मुंबईत जे मिळतं ते मुंबईत बघून झाल्यावरच तिकडे जा, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारेल.

अजून एक, धागा वाचणाऱ्या इतरांसाठी. बंगळुरूचं न्यू इंडिया फाउंडेशन भारतीय भाषांतलं वैचारिक लेखन इंग्रजीत आणण्यासाठी अनुवाद अधिछात्रवृत्ती देतं. दहा भाषांत मराठी आहे. सहा महिने, सहा लाख. तिला विद्यापीठाची नोकरी लागत नाही, प्राचार्यांची सही लागत नाही. मराठीत एवढं उत्तम वैचारिक गद्य पडलंय, आणि इंग्रजी येणारे मराठीचे शिक्षक 'आमच्यासाठी काही नसतं' म्हणून बसलेत.

थेटभेट

सगळं ठीक. पण मूळ मुद्दा राहिलाच. परीक्षक कोण असतात? त्यांचेच लोक.

तारांगण

थेटभेट, एकदा अशा छाननीत मीच बसले होते. कुठे ते सांगणार नाही. ओळखीपाळखी असतात का? असतात. एका नावावर तिघांनी एकमेकांकडे बघितलं ते मीही बघितलं. पण तो एक अर्ज. बाकीच्या सत्तरांचं काय झालं ते ऐका. वीस-पंचवीस तर 'भारत हा कृषिप्रधान देश आहे'नं सुरू होत होते. पाच पानं झाली तरी प्रश्न काय आहे ते कळत नव्हतं. काहींचा हिशेब एका ठिकाणी चार लाख, दुसऱ्या ठिकाणी साडेचार. एकानं दुसऱ्याचा प्रस्ताव उतरवताना गावाचं नावही तसंच ठेवलेलं. आणि एक होता, विदर्भातल्या एका छोट्या कॉलेजचा. दीड पानात प्रश्न, एका पानात आत्तापर्यंत काय हाताशी आलंय, आणि सोबत तीन कागदांचे फोटो. त्याच्यावर कुणी चर्चाही केली नाही, सरळ वरच्या गठ्ठ्यात ठेवला.

तुमचे तीन अर्ज कसे होते ते मला माहीत नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी वाचून सांगते. खरंच सांगतेय, टोमणा नाही.

खवचट_पुणेकर

धाग्याचा काश्मीर होऊन सगळ्यांची जुंपेल म्हणून खुर्ची टाकून बसलो होतो. निराशा झाली. इतका उपयुक्त धागा इथे चालत नाही.

थेटभेट

व्यनि केला आहे.

कोकणी_खडू

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. परीक्षांचं काम होतं.

प्रगती सांगते. विद्यापीठाच्या लघु प्रकल्पाचा अर्ज तयार आहे. सहा गावांची तीन केली, कारण नानांच्या हिशेबात तीनच बसतात. पहिलं पान चार वेळा लिहिलं. सुरुवात आता आमच्याच गावातल्या एका उताऱ्यानं होते. १९५२ सालच्या नोंदीत कुळाचं नाव खोडून त्याच्या मुंबईतल्या भावाचं लिहिलंय आणि वर कुणाची सही नाही. तारांगणनी सांगितल्याप्रमाणे फोटो जोडला. मोडीच्या वर्गाला नाव घातलं, आठ दिवस झाले, 'अ' आणि 'ळ' अजून हुकतात. मोडीवाचक, हसू नका.

आयसीएसएसआरचं पुढच्या जाहिरातीला. तोवर हे काम हातात असेल.

आज प्राचार्यांची सही घेतली. कॉलेजचा गोल शिक्का मारून घेतला. सोमवारी पाठवते.

मोडीवाचक

'ळ' सगळ्यांचाच हुकतो. चालू द्या.

हेडक्लार्क_नाना

मॅडम, गोल शिक्का संस्थेचा. सहीखाली प्राचार्यांचा नावाचा आणि हुद्द्याचा आडवा शिक्काही लागतो, आणि जावक क्रमांक. सोमवारी पाठवायच्या आधी कचेरीत परत जा. आणि जाताना झेरॉक्स काढून घ्या, दोन.